प्लॅटिनमची काटकसर

धुराऐवजी पाणी बाहेर टाकणारी बस ही आता कविकल्पना राहिलेली नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी यांनी बनविलेली अशी बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात लोकांपुढे आली. तिचे बळ इंधन विद्युत् घटात आहे. घटाच्या एका बाजूस हायड्रोजन, दुसऱ्या बाजूस हवेतील प्राणवायू. दोहोंच्या संयोगाने पाणी होते व वीज मिळते.

मग आपल्या धारगळच्या महामार्गावर अशा मालमोटारी सर्रास का दिसू नयेत? अडचणी अनेक आहेत. त्यांतील एक प्लॅटिनमची होय.

प्लॅटिनम हा येथे उत्प्रेरक, म्हणजे सोयरीक जुळविणारा मध्यस्थ. तो दोन्ही पक्षांची गाठ घालून देतो, स्वतः मात्र नामानिराळा राहतो. परंतु प्राणवायूच्या बाजूस तो पाहुण्यांना अंमळ जास्तच धरून ठेवतो. आधीचे उठल्याखेरीज नव्यांना जागा मिळत नाही आणि काम मंदावते. ही उणीव भरून काढण्यास हा महाग धातू अधिक घालावा लागतो, आणि जगातील बहुतेक प्लॅटिनम येते दक्षिण आफ्रिकेतून.

यावर एक तोड विरल मृत्तिकांत सापडली. नाव विरल असले, तरी त्यांतील कित्येक धातू तितकेसे दुर्मिळ नाहीत. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत ते आढळतात. त्याच गटात गणल्या जाणाऱ्या यिट्रियमचा एक अणू प्लॅटिनमच्या तीन अणूंस, अशा मिश्रधातूची परीक्षा डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी केली. त्याचा पृष्ठभाग शुद्ध प्लॅटिनमच्या सहा ते दहा पट काम करतो, असे त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केले. अशा मिश्रधातूंत आम्लामुळे वरच्या थरातील विरल धातू विरघळून जातो. उरते ती प्लॅटिनमची पातळ साय. तिच्यातील अणू एकमेकांजवळ दाबले जातात, त्यामुळे प्राणवायूवरील त्यांची पकड किंचित सैल होते. पाहुणे वेळेवर उठतात!

मात्र घटासाठी या मिश्रधातूची अतिसूक्ष्म पूड लागते, आणि येथेच घोडे अडते. विरल धातूंना प्राणवायूची ओढ फार. पूड करताना ते प्लॅटिनमशी एकजीव होण्याऐवजी चटकन गंजतात. पूड साधली, तरी ती गाडीत हजारो तास टिकली पाहिजे. तेव्हा चिमूटभर प्लॅटिनमवर गाडी चालविण्याची ही विद्या अद्याप पुरी हाती आलेली नाही. आपल्या मुलामुलींपैकी कोणाला रसायनशास्त्राची गोडी असेल, तर करण्याजोगे काम येथे पुष्कळ आहे.