विश्लेषण : डिझेल पिकअपची ताकद ‘ट्यूनर’ने वाढवावी का? ट्रेलर ओढताना फायदा किती, जोखीम किती?

इंजिनाला हातही न लावता पंधरा मिनिटांत गाडीची ताकद वाढवून देतो, असा दावा करणाऱ्या जाहिराती हल्ली मोबाइलवर सतत दिसतात. ‘रिमॅप’, ‘ट्यूनिंग बॉक्स’, ‘स्टेज वन’ अशी त्यांची नावे. घाटात भार घेऊन चढताना दम लागणाऱ्या पिकअपच्या मालकाला हा मोह पडणे साहजिक आहे. दावा पूर्णपणे खोटाही नाही. मात्र तो अर्धाच सांगितला जातो.

ट्यूनर नेमके करतो काय?

आजच्या डिझेल इंजिनात किती इंधन, कोणत्या क्षणी, किती दाबाने फवारायचे आणि टर्बोने किती हवा कोंबायची, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. त्याच्या स्मृतीत या सगळ्याची कोष्टके असतात. ट्यूनर ही कोष्टके बदलतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला यंत्र जोडून नवे सॉफ्टवेअर भरणे, हा एक प्रकार. दुसरा प्रकार ट्यूनिंग बॉक्सचा. तो ईसीयूमध्ये काही बदलत नाही. इंधनाचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा संदेश मध्येच अडवून तो कमी करून दाखवतो. ईसीयूला वाटते दाब कमी पडतोय, म्हणून तो वाढवतो. म्हणजे हा बॉक्स चक्क ईसीयूची फसवणूक करतो. दोन्ही प्रकारांत शेवटी घडते एकच : सिलिंडरमध्ये जास्त डिझेल जळते.

मग कंपनीच ही ताकद का देत नाही?

कारण कंपनीला एकाच गाडीची हमी द्यायची नसते. राजस्थानचा उन्हाळा, लडाखची विरळ हवा, कमी दर्जाचे डिझेल, चोंदलेला एअर फिल्टर, या सगळ्यांत इंजिन लाखो किलोमीटर टिकावे म्हणून काही ताकद राखून ठेवली जाते. शिवाय इंजिन एकटे काम करत नाही. याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. टोयोटा हायलक्समध्ये २.८ लिटरचे तेच डिझेल इंजिन ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह ५०० न्यूटन मीटर टॉर्क देते. मॅन्युअल गिअरबॉक्ससह मात्र ४२०. इंजिनाची क्षमता तीच, पण पुढच्या यंत्रणेनुसार मर्यादा वेगळी. मॅन्युअल गाडीत ही मर्यादा सॉफ्टवेअरने उठवली, तरी क्लच आणि गिअरबॉक्स जुनेच राहतात.

ट्रेलर ओढण्याचा प्रश्न वेगळा का?

ओव्हरटेक करताना पूर्ण ताकद आठ-दहा सेकंद लागते. ट्रेलर घेऊन घाट चढताना ती दहा-पंधरा मिनिटे सलग लागते. शर्यतीसाठी केलेले ट्यूनिंग ओढकामाला चालत नाही ते यामुळेच. अडचण ताकदीची नसते, उष्णतेची असते.

ढोबळ हिशेब करून पाहू. पिकअप आणि ट्रेलर मिळून ५ टन वजन, ६ टक्के चढ आणि ताशी ६० किलोमीटर वेग धरू. नुसते वजन वर उचलायला सुमारे ६५ अश्वशक्ती लागते. टायरचे घर्षण, हवेचा विरोध आणि गिअरबॉक्समधील घट धरली की इंजिनाकडून साधारण १०० अश्वशक्ती हवी. दीडशेच्या वर अश्वशक्ती असलेल्या पिकअपला हे विनाट्यूनर जमते. तोच चढ ८० च्या वेगाने चढायचा तर १४० च्या आसपास लागते. थोडक्यात, ट्यूनर विकत घेऊन आपण बहुतेक वेळा ओढण्याची क्षमता नव्हे, तर चढावरचा वेग विकत घेत असतो.

या वेगाची किंमत काय?

डिझेलमधील उर्जेपैकी निम्म्याहून कमी भाग चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे बाहेर जाते. इंधन वाढले की उष्णताही वाढते. रेडिएटर मात्र तेवढाच राहतो. सर्वांत आधी फटका बसतो तो टर्बो, पिस्टन आणि सिलिंडर हेडच्या गॅसकेटला. टर्बोआधीचे धुराचे तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर सलग राहू देऊ नये, असा जाणकारांचा ढोबळ नियम आहे. पण बहुतेक पिकअपमध्ये हे तापमान दाखवणारा काटाच नसतो. डॅशबोर्डवरचा काटा शीतक द्रवाचे तापमान दाखवतो. तो हलेपर्यंत बराच उशीर झालेला असू शकतो. चढावर काळा धूर निघत असेल, तर हवा कमी पडून डिझेल अर्धवट जळते आहे, एवढे समजावे.

ओढण्याची क्षमता वाढते का?

नाही. ट्रेलर किती वजनाचा असावा हे कंपनी इंजिनाबरोबरच चॅसी, अ‍ॅक्सल, टायर, हुक, शीतकरण आणि ब्रेक पाहून ठरवते. सॉफ्टवेअरने यातले काहीच बदलत नाही. चढलेला प्रत्येक घाट उतरावाही लागतो, आणि उतरताना ट्यूनर कामाला येत नाही. तिथे ब्रेक, खालचा गिअर आणि कमी वेगच वाचवतात.

अमेरिकेचा अनुभव काय सांगतो?

हा व्यवसाय फोफावला तो अमेरिकेत. तिथे घोडे, बोटी, फिरती घरे ओढायला मोठे डिझेल पिकअप घरोघरी असतात. अनेकांनी ट्यूनरसोबत धूर स्वच्छ करणारी यंत्रणाच काढून टाकली. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२० मधील अहवालानुसार, आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधील प्रदूषण नियंत्रण यंत्रणा काढण्यात आली होती. त्यातून होणारे जादा प्रदूषण म्हणजे रस्त्यावर ९० लाखांहून अधिक नवे पिकअप आणण्यासारखे, असे त्यात म्हटले होते. दरम्यान कंपन्यांची इंजिनेही पुढे गेली. फोर्डच्या सुपर ड्युटी पिकअपमधील ६.७ लिटरचे हाय आउटपुट डिझेल कारखान्यातूनच ५०० अश्वशक्ती आणि १६०० न्यूटन मीटरहून अधिक टॉर्क घेऊन येते. ओढकामासाठी गिअर उशिरा बदलणारा ‘टो-हॉल’ मोडही मूळचाच असतो.

भारतात कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही ‘मोटार वाहन’च आहे, त्याचीही नोंदणी लागते.

‘पीयूसी मिळते, मग काय अडचण?’ असा युक्तिवाद होतो. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजली जाते, नायट्रोजन ऑक्साइड नाही. त्यामुळे पीयूसी मिळाली म्हणजे गाडी बीएस-६ निकषांत बसली असे होत नाही. वॉरंटी आणि विम्याचाही विचार हवा. बदल लपवला आणि अपघात झाला, तर दावा अडकू शकतो. हप्ते चालू असलेल्या गाडीबाबत ही जोखीम थेट घरखर्चावर येते.

मग करावे काय?

आधी मूळ ताकद पुरेपूर मिळते का ते पाहा. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, इंटरकूलरचे पाइप, टायरमधील हवा आणि चिकटलेले ब्रेक, यांपैकी एखाद्या कारणानेही गाडी घाटात मरगळते. ट्रेलरचे वजन एकदा वजनकाट्यावर करून घ्या. अंदाज बहुधा कमीच निघतो. मालाचा थोडा जास्त भार हुकाच्या बाजूला ठेवा, म्हणजे ट्रेलर डुलत नाही. चढाच्या आधीच गिअर खाली घ्या. एवढे करूनही रोजचे काम भागत नसेल, तर गाडी कामाला छोटी पडते आहे. अशा वेळी ट्यूनरचे पैसे मोठ्या गाडीसाठी बाजूला टाकलेले बरे.