टी-रूममधली न्याहारी

इंग्लंडमधील पारंपरिक टी-रूम म्हटली की दुपारचा चहा, मजल्यामजल्यांच्या तबकात रचलेले केक आणि काकडीचे नाजूक सँडविच एवढेच चित्र सहसा रंगवले जाते आणि त्याचे श्रेय १८४० च्या सुमारास दुपारच्या फराळाचा प्रघात रूढ करणाऱ्या बेडफर्डच्या डचेस ॲना मारिया यांना दिले जाते. दुपारचा फराळ सरदारांच्या दिवाणखान्यात जन्मला हे मान्य केले, तरी टी-रूम ही संस्था तिथून आलेली नाही. ती बेकरीतून आणि रेल्वे स्थानकाच्या आवारातून आली, आणि तिचे हे कष्टकरी, पावाच्या भट्टीशी जोडलेले मूळ सकाळच्या न्याहारीत जितके उघडपणे दिसते तितके दुपारच्या थाटात दिसत नाही.

चहाला इंग्लंडच्या राजदरबारात प्रतिष्ठा मिळवून देण्यात दुसऱ्या चार्ल्सची पोर्तुगीज राणी कॅथरीन ऑफ ब्रगान्झा हिचा मोठा वाटा होता. १६६२ साली ज्या विवाहाने ती इंग्लंडची राणी झाली, त्याच विवाहात मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांकडे गेले, हे मराठी वाचकांना परिचित आहेच. पुढे शतकभर चहावर इतका जबर कर होता की तो सामान्यांच्या आवाक्याबाहेर राहिला आणि त्याची चोरटी आयात फोफावली. १७८४ साली संसदेने हा कर शंभर टक्क्यांहूनही वरच्या पातळीवरून एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा सकाळी हलकी बिअर पिणाऱ्या कामकरी घरांत चहा-पाव ही न्याहारी हळूहळू रुजत गेली.

मात्र घराबाहेर पडलेल्या माणसाला, त्यातही स्त्रीला, ही न्याहारी मिळण्याची सोय फार उशिरा झाली. जुनी कॉफीगृहे पुरुषांची होती आणि दारूच्या गुत्त्यात एकट्या बसलेल्या स्त्रीकडे संशयाने पाहिले जाई. ही उणीव एका पाव बनवणाऱ्या कंपनीने भरून काढली. डॉ. जॉन डॉग्लिश यांनी यीस्टऐवजी दाबाखाली कार्बन डायऑक्साइड वायू मिसळून पीठ फुगवण्याची पद्धत शोधली होती आणि तिच्या आधारे १८६२ मध्ये ‘एरेटेड ब्रेड कंपनी’ उभी राहिली. लोक जिला ‘एबीसी’ म्हणत त्या या कंपनीच्या लंडनमधील दुकानातील व्यवस्थापिका ओळखीच्या गिऱ्हाइकांना चहा देत असे आणि तिच्याच आग्रहावरून संचालकांनी १८६४ मध्ये फेनचर्च स्ट्रीट स्थानकाच्या आवारात चहाची बैठक सुरू केली, असे सांगितले जाते. मद्यपानविरोधी चळवळीचा जोर आणि कचेऱ्यांत नोकरीला लागलेल्या मुलींची वाढती संख्या यांमुळे ही कल्पना झपाट्याने पसरली, आणि १८९४ मध्ये लायन्स कंपनीने पिकॅडिलीत पांढऱ्या-सोनेरी सजावटीचे पहिले दुकान उघडून माफक दरात टापटीप हे टी-रूमचे ब्रीदच करून टाकले.

एका टेबलाशी, एका किटलीच्या पैशात, कोणाच्या सोबतीशिवाय बसता येणे ही त्या काळच्या स्त्रीच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट नव्हती. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या कार्यकर्त्या लंडनच्या टी-रूममध्ये भेटत, बैठका घेत. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील ‘ॲलन्स टी रूम्स’ या ठिकाणाचा त्यांच्याशी विशेष संबंध होता. टी-रूमचा इतिहास केवळ खाद्यपदार्थांच्या अंगाने लिहिला जातो तेव्हा तिचे हे सर्वांत मोलाचे कार्य झाकले जाते, आणि तो मोठाच अन्याय आहे.

आज चालू असलेल्या टी-रूमपैकी ‘बेटीज’ ही यॉर्कशायरमधील संस्था सर्वांत ख्यातनाम म्हणता येईल. स्वित्झर्लंडहून आलेले मिठाई कारागीर फ्रेडरिक बेलमाँट यांनी ती १९१९ मध्ये हॅरोगेट येथे स्थापन केली. पुढे ‘क्वीन मेरी’ या प्रवासी जहाजाच्या अंतर्गत सजावटीने भारावून जाऊन त्यांनी यॉर्क शहरातील शाखा त्याच धर्तीवर उभारली. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या विमानतळांवरील वैमानिक इथे येत आणि हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने आरशावर आपले नाव कोरत. त्या आरशावरील शेकडो सह्या आजही पाहता येतात.

टी-रूममधील न्याहारीचा प्रारंभ चहाने होतो. चहा उकळत नाहीत. आधी किटली गरम पाण्याने विसळून ऊब देतात, तिच्यात पत्ती घालून वरून नुकतेच उकळलेले पाणी ओततात आणि तीन-चार मिनिटे झाकून ठेवतात. टेबलावर दूध, गाळणे आणि नुसत्या गरम पाण्याचे एक वेगळे भांडे ठेवलेले असते, कारण पहिला पेला ओतून झाल्यावर कडक होत जाणारा चहा त्या पाण्याने सौम्य करून घ्यायचा असतो. ‘इंग्लिश ब्रेकफास्ट’ या नावाने मिळणारे मिश्रण बहुधा आसाम, श्रीलंका आणि केनिया येथील पत्तीचे असते, कारण दुधात मिसळूनही ज्याची चव टिकते असा दमदार चहा सकाळी हवा असतो.

त्याबरोबर येणारा टोस्ट धातूच्या एका घोडीत उभा खोचलेला असतो. भाजलेले काप एकावर एक रचले तर त्यांची वाफ आत कोंडून ते ओलसर होतात, उभे ठेवले की कुरकुरीत राहतात. ते लवकर निवतात खरे, पण अनेक इंग्रजांना निवालेला, कडक टोस्टच प्रिय असतो. त्यावर लोणी आणि मार्मालेड, म्हणजे स्पेनमधील सेव्हिलच्या कडू संत्र्यांचा सालींसकट केलेला मुरंबा, लावतात. अर्धवट उकडलेले अंडे छोट्या उभ्या पेल्यात बसवून, वरचे कवच कापून, बलकात पावाच्या बोटभर पट्ट्या बुडवून खाण्याची पद्धतही अशीच पावावर आधारलेली आहे. म्हणूनच टी-रूमची परीक्षा तिच्या पावावरून करावी. तो शिळा असेल तर उरलेले ताट कितीही भरगच्च असले तरी व्यर्थ होय.

हे भरगच्च ताट म्हणजे ‘फुल इंग्लिश’. बेकन, सॉसेज, अंडी, भाजलेले टोमॅटो, अळंबी, टोमॅटोच्या रसातील घेवड्याच्या बिया आणि काही ठिकाणी डुकराचे रक्त व धान्य यांपासून केलेले ‘ब्लॅक पुडिंग’ असा त्याचा ऐवज असतो. भारतात राहून परतलेल्या इंग्रजांनी नेलेली ‘केजरी’ आता क्वचितच मिळते. आपल्या खिचडीतली डाळ काढून तिच्या जागी धुरावलेला हॅडॉक मासा, उकडलेली अंडी आणि सौम्य मसाला घातलेला हा भात, यादीत दिसल्यास मराठी माणसाने आवर्जून मागवावा. शाकाहारी पाहुण्यांसाठी बहुतेक टी-रूम मांसाऐवजी भाज्यांचे सॉसेज देतात. बेटीजमध्ये तर किसलेल्या बटाट्याची स्विस ‘रोश्ती’ही न्याहारीला मिळते आणि संस्थापकाच्या मायदेशाची ओळख अजून टिकून आहे.