टनामागे किती घोडे?

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शिराळ्यात चारचौघं गाडीवर बोलायला बसले की पहिला प्रश्न येतो, ‘सीसी किती?’ आणि दुसरा, ‘ॲव्हरेज किती?’ वजन कुणी विचारत नाही. गेल्या चाळीस वर्षांतल्या वेगवान गाड्यांचा मागोवा घेतला, तर हाच न विचारलेला प्रश्न सगळ्यात मोलाचा ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

खरं तर आपल्या भागाला हे कुणी शिकवायला नको. यात्रेच्या मैदानात पळणारी छकडी म्हणजे ऊस वाहणारी बैलगाडी नव्हे. खिलार जोडीची ताकद तीच, पण ओढायचं वजन नावापुरतं, म्हणून झेंडा पडला की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाडी पुढे गेलेली असते. स्पोर्ट्स कारचं गणितही हेच. इंजिनाच्या अश्वशक्तीला गाडीच्या वजनाने भागायचं. टनामागे जितके घोडे जास्त, तितका पिकअप तिखट.

ऐंशीच्या दशकापासून सुरुवात करू. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी तेव्हा प्रतिष्ठेची गाडी होती. पद्मिनीचे घोडे चाळीस-बेचाळीस, वजन नऊशे किलोच्या घरात. म्हणजे टनामागे पंचेचाळीस. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचे घोडे पद्मिनीपेक्षा थोडे कमीच, पण वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. टनामागे साठ. लोक म्हणाले, जपानी इंजिन भारी आहे. इंजिन चांगलं होतंच, पण निम्मं श्रेय हलक्या पत्र्याचं होतं आणि ते त्याला कधी मिळालं नाही.

मग १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० आली. पेठनाक्यापासून शिराळ्यापर्यंतच्या रस्त्यावर तिचा आवाज ऐकून मोठी झालेली पिढी आज पन्नाशीला आली असेल. इंजिन ९८ सीसीचं, घोडे फक्त अकरा आणि वजन शंभर किलोच्या आसपास. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक स्फोट होतो, शिवाय व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्टचं लटांबर नसतं. म्हणजे ताकद वाढते आणि वजन घटते, दोन्ही बाजूंनी फायदा. नुसत्या गाडीचा हिशेब टनामागे एकशे दहा. पण त्यावर सत्तर किलोचा माणूस बसला की तो पासष्टवर येतो, आणि डबलसीट गेलं की थेट पद्मिनीच्या बरोबरीला. एकटा असताना उडणारी गाडी मित्राला मागे घेतल्यावर चढाला का दमायची, याचं उत्तर एवढंच आहे. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि १९९६ मध्ये ती बंद पडली.

त्याच १९९६ मध्ये इंग्लंडात लोटस कंपनीची एलिस विक्रीला आली. ॲल्युमिनियमचा सांगाडा, ११८ घोडे, ७२५ किलो. टनामागे १६३. हा आकडा ध्यानात ठेवा, कारण २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत कार डिझायनर दिलीप छाब्रिया यांनी आपली अवंती दाखवली. देशी स्पोर्ट्स कार म्हणून तिचं केवढं कौतुक झालं! अडीचशे घोडे, म्हणजे एलिसच्या दुपटीहून जास्त. पण वजन दीड टनाच्या वर. भागाकार केला तर टनामागे जेमतेम एकशे साठ. घोडे दुप्पट करूनही हाती तेवढंच लागलं. शिवाय दीड टन ब्रेकने थांबवायचे आणि वळणावर सावरायचे ते वेगळंच.

जगातल्या मोठ्या नावांचंही असंच आहे. डिझायनर गॉर्डन मरे यांची मॅकलारेन एफ-वन १९९२ ची, ६२७ घोडे आणि ११३८ किलो. तेरा वर्षांनी बुगाटी व्हेरॉन आली १००१ घोडे घेऊन, पण वजन १८८८ किलो. टनामागे मॅकलारेन ५५०, बुगाटी ५३०. मात्र ताशी चारशे किलोमीटरचा टप्पा ओलांडला तो बुगाटीनेच. तेवढ्या वेगात गाडीचा झगडा वजनाशी नसतो, हवेशी असतो. वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला ताकद आठपट लागते. तिथे निव्वळ घोडेच कामाला येतात. निघताना, चढाला आणि वळणाला मात्र हलकी गाडीच बाजी मारते.

हे सगळं जवळून पाहायचं तर कोल्हापूर गाठावं. तिथल्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तीसच्या आसपास घोडे, आणि माणूस धरून वजन एकशे साठ किलोच्या जवळपास. शर्यत संपली की हेल्मेटसकट चालक आणि कार्ट दोन्ही काट्यावर जातात. वजन ठरल्यापेक्षा कमी भरलं तर निकाल रद्द. म्हणून अंगाने हलकी पोरं सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळून घेतात. ‘बाहा’ या स्वतः गाडी बांधून उतरायच्या स्पर्धेत तर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या संघांना एकसारखंच ठरावीक इंजिन वापरावं लागतं. मग पोरांच्या हातात उरतो तो पाइप, वेल्डिंग आणि किलो-किलोचा हिशेब. माझ्या मते गाडी समजून घेण्याची याहून चांगली शाळा नाही.

हाच हिशेब पुढे नेत २०१४ मध्ये स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीने १३६० घोडे आणि १३६० किलो असं एकास एक प्रमाण गाठलं. २०२१ मध्ये मुंबईच्या वझिरानी कंपनीने एकॉन्क ही विजेवरची गाडी जाहीर केली. कंपनीने दिलेले आकडे ७२२ घोडे आणि ७३८ किलो. बॅटरी म्हटली की वजन आलंच, पण त्यांनी ती पाण्याऐवजी हवेने थंड करायची ठरवून त्या यंत्रणेचं ओझं टाळलं.

पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलात तर माहितीपत्रकात ‘कर्ब वेट’ची, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनाची ओळ शोधा, त्यात घरच्यांचं वजन मिळवा, आणि मगच त्याने घोड्यांना भागा.