‘एकी’ला जाऊन आल्यावरही

आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, पण एका गोष्टीचं नाव दोन्हींत घेत नाहीत. आम्ही ‘एकीला’ जातो, शेजारच्या अक्का ‘ओंदक्के’ म्हणतात. आकडा तेवढा सांगायचा, पुढचं मनात ठेवायचं. त्या न बोलण्यात माझ्या सासूबाईंची दोन वर्षं गेली.

लग्नकार्याला जाणं त्यांनी बंद केलं. कुठं गेल्याच तर पिशवीत जादा साडी-परकर, आणि दुपारनंतर पाणी बंद. ‘वय झालं गे, थेंब थेंब गळतंय,’ म्हणायच्या. मीही तेच धरून चालले. कॉलेजात शिकवणारी सून असून!

शेवटी डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी करवली, एकदा लघवीआधी आणि एकदा लगेच नंतर. जाऊन आल्यावरही मूत्राशयात २५० मिली शिल्लक! म्हणजे हे नुसतं गळणं नव्हतं, भरून सांडणं होतं. १५ वर्षांच्या मधुमेहानं मूत्राशयाच्या नसा मंदावलेल्या, त्यामुळे भरल्याची जाणीवच उशिरा व्हायची. शिवाय अंग खाली उतरल्यानं लघवीची वाट मुडपलेली. तिसरं कारण ऐकून मात्र मी गप्पच झाले. सर्दीसाठी मीच दुकानातून आणून देत होते त्या झोप आणणाऱ्या गोळ्या! अशा काही गोळ्यांनी मूत्राशय नीट आकुंचन पावत नाही.

त्या गोळ्या बंद झाल्या. अंग वर राहावं म्हणून डॉक्टरबाईंनी आतून रिंग बसवली. जाणीव होवो न होवो, दर तीन तासांनी जायचं. पाय जमिनीला टेकून, किंचित पुढं वाकून निवांत बसायचं, कुंथायचं नाही. झाल्यावर उठून मिनिटभरानं पुन्हा बसायचं. बसस्टँडवर आपण बायका अधांतरी राहून उरकतो ना, त्यात स्नायू आवळलेलेच राहतात आणि लघवी आत उरते. पोट साफ ठेवणंही आलंच. पाणी तोडणं हा उपाय नव्हेच. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. एवढ्यानं भागलं नाही तर दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकवतात. ऐकून भीती वाटते, पण अनेकजणी ते घरीच करतात. लघवी अजिबात होईना आणि पोट फुगून दुखू लागलं, किंवा थंडी-ताप आला, तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा.

परवा सासूबाई भाचीच्या लग्नाला खानापूरला जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला कुंपणाशी बोलावून हळूच विचारलं, ‘ती दोनदा करायची सोनोग्राफी... तुमच्या डॉक्टरबाई कुठं बसतात?’