पगार थांबला की बाजाराचे काय होते?

घरात पैसा कमी येऊ लागला की गृहिणी आधी कशाला कात्री लावते? धान्य, तेल यांना नाही. नवे कपडे, भांडी, मिठाई पुढे ढकलली जाते. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये हेच मांडले होते : कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा.

म्हणून पहिला फटका कापडवाल्याला, शिंप्याला बसतो. वाण्याच्या दुकानात गर्दी दिसते. पण रोखीऐवजी उधारीची वही भरत जाते. घाऊक व्यापारी मात्र त्याच्यासाठी थांबत नाही.

थोडा हिशेब करू. समजा, एका दुकानात महिन्याला एक लाखाची विक्री होते आणि त्यातून १५ हजार सुटतात. भाडे, वीज, नोकराचा पगार यांत १० हजार जातात. उरतात ५ हजार. विक्री २० टक्क्यांनी घटली तर सुटतात १२ हजार. खर्च तेवढाच, म्हणून उरतात फक्त २ हजार. गिऱ्हाइकांनी पाचवा हिस्सा कमी खर्च केला आणि दुकानदाराची कमाई निम्म्याहून अधिक बुडाली! मग तो नोकर कमी करतो. तो नोकरही कुणाचा तरी गिऱ्हाईकच असतो.

मुंबईच्या गिरणगावाने हे भोगले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. पगार थांबले, कित्येक जण गावी परतले. एकट्या राहणाऱ्या कामगारांना घरी रांधून जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका याच वस्तीतल्या. त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले होते. जेवणारेच गेल्यावर खानावळ चालणार कशी? या बायकांची नावे गिरणीच्या हजेरीपटावर नव्हती. त्यामुळे गिरणीकडे मागण्यासारखे त्यांचे काही देणेही नव्हते.

तेव्हा कारखाना बंद पडला की नुसते आतले कामगार मोजून भागत नाही. फाटकाबाहेरची दुकानेही मोजावी लागतात. कामगारांची थकलेली देणी वेळेवर मिळाली, तर ती एका घरातच राहत नाहीत. आठवडाभरात त्यांतला काही पैसा वाण्याच्या वहीत जमा झालेला असतो.