पाहुण्याने पाहिलेले बेळगाव

परदेशी शिकावयास गेलेला विद्यार्थी सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर तेथील शहरात भटकतो आणि रात्री आईवडिलांना सविस्तर पत्र लिहितो, अशा प्रकारची प्रवासवर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. त्यांत लंडन असते, पॅरिस असते आणि आपल्या वाचकांच्या आवडीचे रोम तर असतेच असते. परंतु आपले बेळगाव हेही कोणासाठी तरी परदेशातील शहर आहे, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

केएलई ही शिक्षणसंस्था १९१६ साली बेळगावात सात शिक्षकांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि १९६३ साली तिने वैद्यकीय महाविद्यालय काढले. २०१० पासून मलेशियातील ‘युनिव्हर्सिटी साइन्स मलेशिया’ ह्या विद्यापीठाच्या सहकार्याने तिकडील मुलेमुली डॉक्टरकी शिकण्यासाठी येथे येऊ लागली. शिक्षण बेळगावात आणि पदवी मायदेशीच्या विद्यापीठाची, अशी ती योजना. निपाणी, चिकोडी, संकेश्वर ह्या बाजूच्या ज्या कुटुंबांना आजारी माणसाला घेऊन नेहरूनगरच्या मोठ्या इस्पितळात जावे लागले असेल, त्यांनी पांढरा डगला घातलेले, निराळ्या चेहरेपट्टीचे असे विद्यार्थी कदाचित पाहिलेही असतील. आपल्या आजीला “कुठं दुखतंय?” असे मोडक्यातोडक्या मराठीत किंवा कानडीत विचारताना ज्याची त्रेधा उडते, तो मुलगा समुद्र ओलांडून आलेला असतो.

ह्या मुलांच्या एका सुटीच्या दिवसाची आपण कल्पना करू. दिवस रविवारचा आहे. चौघे मित्र निघाले आहेत. एक मलायी मुसलमान, दुसरा चिनी वंशाचा, तिसरा तमिळ वंशाचा. मलेशियाची वस्ती अशीच मिश्र आहे. चौथा आपल्याच निपाणीकडचा, त्यांचा वर्गबंधू. वाट दाखविण्याचे काम अर्थातच त्याच्याकडे आले आहे. मात्र अशा वेळी बहुधा जे घडते तेच येथेही घडणार: वाटाड्याने स्वतःदेखील ह्यांपैकी अर्धी स्थळे पूर्वी पाहिलेली नाहीत. लहानपणापासून तो बेळगावला आला तो दवाखान्यासाठी, कचेरीतील दाखल्यासाठी, नाहीतर लग्नाच्या बस्त्यासाठी.

प्रथम ते किल्ल्यात जातात. मध्यवर्ती बसस्थानकापासून किल्ला अगदी जवळ. शेजारी तलाव, भोवती खंदक. दरवाजापाशी गणपतीचे व दुर्गादेवीचे देऊळ लागते. आत गेल्यावर कमळ बस्ती नावाचे जैन मंदिर आहे. रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य ह्याचा मंत्री बीचिराज ह्याने ते १२०४ च्या सुमारास बांधविले. मूर्ती नेमिनाथांची, आणि मंडपाच्या छतातून खाली लोंबणारे दगडी कमळ असे नाजूक, की ते छिन्नीने घडविले ह्यावर विश्वास बसू नये.

तेथून थोड्या अंतरावर साफा मशीद आहे. विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार असदखान ह्याने ती १५१९ मध्ये बांधविली. मलायी मित्र तेथे पाहुणा राहत नाही. परक्या मुलखात त्याला घरचे अंगण सापडते. त्या मशिदीच्या खांबांपैकी दोन खांबांवर जुने लेख कोरलेले आहेत. एक रट्टांच्या काळचा, ११९९ सालचा. दुसरा देवगिरीच्या यादवांच्या काळचा, १२६१ सालचा. त्यांची भाषा कानडी असून लिपी नागरी आहे. ज्या जिल्ह्यात दुकानाच्या पाटीवरील अक्षरांवरून आज माणसे हमरीतुमरीवर येतात, त्याच जिल्ह्यातील हे दोन खांब आठ शतके कानडी शब्द नागरी अक्षरांत मिरवीत उभे आहेत.

किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावास आले, तेव्हा ते प्रथम भाटे नावाच्या मराठी वकिलांकडे आणि नंतर हरिपद मित्र ह्या बंगाली वनअधिकाऱ्याकडे राहिले होते. त्या वेळी ते एक अनोळखी संन्यासी होते; त्यांचे शिकागोचे भाषण पुढच्या वर्षीचे. नाव नसलेल्या परक्याला बेळगावने तेव्हा दार उघडले होते, हे आवर्जून सांगण्याजोगे आहे.

किल्ल्यातून चौघे कॅम्प भागात येतात. रुंद रस्ते, मोठे वृक्ष, मिलिटरी महादेवाचे देऊळ आणि १८५६ पासून चालत आलेली सेंट पॉल शाळा. बेळगावचा कॅथोलिक धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. त्याचे मुख्य ख्रिस्तमंदिर फातिमा मातेच्या नावाचे. कोकणी, मराठी, कानडी आणि इंग्रजी बोलणारी कुटुंबे तेथे एकाच वेदीसमोर गुडघे टेकतात.

येथे मलेशियाच्या मुलांना आपल्याकडून एक गोष्ट कळावी, आणि आपणही ती आठवावी. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी ज्या मलाक्का बंदरात काही काळ सेवा केली, ते बंदर ह्या मुलांच्याच देशात आहे. १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर संतांचे देहावसान झाले. पुढील वर्षी त्यांचा देह मलाक्का येथे आणून टेकडीवरील मंदिरात पुरला गेला आणि १५५४ मध्ये तो गोव्यास पोहोचला. ती टेकडी आज सेंट पॉलची टेकडी म्हणूनच ओळखली जाते आणि मंदिराच्या भग्न भिंतींमध्ये ते रिकामे थडगे अजून दाखविले जाते. जुन्या गोव्यात संतांच्या दर्शनाला आपण पिढ्यानपिढ्या जात आलो. त्यांचा शेवटचा प्रवास ज्या वाटेने झाला, त्या वाटेवरच्या देशातून आलेला मुलगा मात्र आपल्याला परका वाटतो!

भाषेची गंमत तर ह्याहूनही मोठी आहे. मलायी भाषेत भाषेला ‘बहासा’ म्हणतात, माणसाला ‘मानुसिया’, उपवासाला ‘पुआसा’ आणि स्वर्गाला ‘शुर्गा’. हे शब्द संस्कृतातून तिकडे गेले. पोर्तुगीजांबरोबर गेलेले शब्द आणखी निराळे: मेजाला ते ‘मेजा’ म्हणतात, पाद्रीला ‘पादरी’, आणि ख्रिस्तमंदिराला ‘गेरेजा’. आपल्या कोकणी आजीची ‘इगर्ज’ ती हीच. मलाक्का येथे पोर्तुगीज वळणाची ‘क्रिस्तांग’ नावाची बोली बोलणारी ख्रिस्ती वस्ती आहे, तशीच पोर्तुगीज वळणाची बोली रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावच्या कॅथोलिकांच्या घरांत आहे. परक्या म्हणून ज्या मुलाशी बोलण्यास आपण संकोचतो, त्याच्या तोंडात आपल्याच घरचे शब्द असतात.

दुपारी भूक लागते. खडे बाजार आणि गणपत गल्लीतील गर्दीतून वाट काढीत मंडळी मिठाईच्या दुकानापाशी थांबतात. दूध आटवून, साखर घालून तपकिरी रंगावर आणलेला बेळगावचा कुंदा पाहुण्यांना चाखविल्याशिवाय कोण सोडील? ह्या बाजाराचे एक वैशिष्ट्य असे, की दुकानदार एका गिऱ्हाइकाशी कानडीत, दुसऱ्याशी मराठीत आणि तिसऱ्याशी हिंदीत बोलतो, आणि हिशेब मात्र एकही चुकत नाही. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पाहुण्याला वाटते; आणि त्याचे बरोबर आहे.

संध्याकाळी कपिलेश्वराचे देऊळ पाहून ते टिळकवाडीत शिरतात. १९२४ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे एकोणचाळिसावे अधिवेशन येथे भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकच अधिवेशन. आलेल्या हजारो माणसांच्या पाण्यासाठी तेव्हा एक मोठी विहीर खणली गेली. ती काँग्रेस विहीर आजही आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून पाहुणे येणार म्हणून ह्या गावाने पहिली तयारी केली ती पाण्याची.

आता वाचकहो, ह्या दिवसाचा हिशेब मांडून पाहू. जैनांची बस्ती, मुसलमानांची मशीद, संन्याशाचा आश्रम, आपले ख्रिस्तमंदिर, शिवाचे देऊळ, गांधीजींची विहीर: सारे एका रविवारात, एकाच शहरात. १ नोव्हेंबर १९५६ पासून ह्या सीमाभागाच्या मालकीचा वाद चालू आहे. २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ साली शहराचे अधिकृत नावही ‘बेळगावी’ झाले. त्या वादाचा न्याय न्यायालयात व्हावा. आपल्या भाषेवर आपले प्रेम असणे हे काही पाप नव्हे. परंतु वादाच्या भरात आपण गावाचे तुकडे पाडले. ही गल्ली त्यांची, हे देऊळ आमचे, ती शाळा तिसऱ्यांची, असे म्हणत गेलो, आणि जे आपले नाही असे वाटले तिकडे पाहावयाचेही सोडून दिले. पाहुण्याच्या मनात ह्या भिंती नसतात. म्हणून त्याला अखंड गाव दिसते आणि आपल्याला ते आयुष्यभरात दिसत नाही. निपाणीच्या त्या वाटाड्याला आपले जिल्ह्याचे शहर प्रथमच पूर्ण दिसले, ते तिघा परक्यांच्या सोबतीने.

परक्याला घरात घेण्याविषयी प्रभू येशूने जे सांगितले आहे, ते आपण मंदिरात वारंवार ऐकतो. आपली मुलेही आज आखातात, गोव्यात, पुण्यामुंबईत परक्यांच्या दारी उभी असतात. तेथे त्यांना कोणी बसची वाट नीट सांगितली, कोणी जेवावयास बोलाविले, तर त्या माणसाचे नाव आपल्या घरी किती दिवस निघते! बेळगावात शिकणाऱ्या मुलाची आईदेखील फोनवर हेच विचारीत असेल: जेवलास का, माणसे चांगली आहेत का? त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या हाती आहे.

तेव्हा पुढल्या वेळी इस्पितळात एखादा असा विद्यार्थी खाटेपाशी येऊन अडखळत प्रश्न विचारू लागला, तर त्याला हसू नये. शब्द चुकला तर बरोबर शब्द सांगावा. तो आनंदाने टिपून घेईल. सणाला चौकशी करून अशा दोघातिघांना घरी बोलवावे आणि ते काय खातात, काय खात नाहीत, हे आधी विचारून घ्यावे. आणि येत्या सुटीत एक दिवस आपल्या मुलांना घेऊन बेळगावला जावे. दवाखान्यासाठी नव्हे, कचेरीसाठीही नव्हे. सकाळी किल्ल्यापासून सुरुवात करावी.