विद्यार्थि-माहिती व्यवस्थापन, संगणकीय

शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची ओळख, प्रवेश, इयत्ता, उपस्थिती, मूल्यमापन, मिळणाऱ्या सवलती व शाळात्याग यांविषयीच्या नोंदी संगणकावर पद्धतशीरपणे साठविणे, त्या अद्ययावत ठेवणे आणि त्यांवरून याद्या, निकालपत्रके, दाखले व अहवाल तयार करणे, या कार्यास संगणकीय विद्यार्थि-माहिती व्यवस्थापन म्हणतात. त्यासाठी वापरण्यात येणारी आज्ञावली म्हणजेच सॉफ्टवेअर शाळेतील एखाद्या संगणकापुरते मर्यादित असते किंवा महाजालाद्वारे अनेक शाळांना व शिक्षण खात्याला जोडलेले असते. आज्ञावली विकत घेणे वा तिच्यावर नाव नोंदविणे ही या कार्याची सुरुवात समजली जाते. परंतु वस्तुतः ती शाळेच्या कागदी नोंदवहीपासून होते. नोंदवहीतील चूक संगणकात गेल्याने नाहीशी होत नाही. उलट, ती अधिक वेगाने व अधिक ठिकाणी पसरते.

कागदी पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील शाळांत विद्यार्थिविषयक मूळ अभिलेख म्हणजे सर्वसाधारण नोंदवही होय. ती ‘जनरल रजिस्टर’ या नावाने अधिक परिचित आहे. विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक, नाव, आईवडिलांची नावे, धर्म व जात, जन्मस्थान, अंकी व अक्षरी जन्मदिनांक, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक व त्याचे कारण या बाबी तीत नोंदविलेल्या असतात. शाळा सोडल्याचा दाखला हा या नोंदीचाच उतारा असल्यामुळे तिचे महत्त्व शाळेच्या आवारापुरते राहत नाही. जन्मदिनांक, जात व जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून शालेय नोंद पुढे अनेक वर्षे, कित्येकदा पुढच्या पिढीलाही, उपयोगी पडते. म्हणूनच नाव, जात वा जन्मदिनांक यांत बदल करण्यासाठी माध्यमिक शाळा संहितेने शिक्षणाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक मानली आहे. हजेरीपत्रक, निकालपत्रक व प्रगतिपुस्तक हे अभिलेख या नोंदवहीला पूरक असतात.

ऐतिहासिक आढावा : शाळांतील कार्यालयीन कामासाठी संगणकाचा वापर सूक्ष्मसंगणक स्वस्त झाल्यानंतर, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात वाढला. इंग्लंडमध्ये ल्यूटन येथील शिक्षक फिलिप नील यांनी आपल्या शाळेसाठी तयार केलेल्या आज्ञावलीपासून ‘सिम्स’ ही प्रणाली उदयास आली व पुढे ती ब्रिटनमधील बहुसंख्य शाळांत प्रचारात आली. भारतातील आरंभ वेगळ्या गरजेतून झाला. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या नियोजनासाठी १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘डाइस’ ही जिल्हानिहाय शैक्षणिक माहितीची पद्धती सुरू झाली. प्राथमिक व माध्यमिक स्तरांचे एकत्रीकरण होऊन २०१२-१३ पासून तिला ‘यू-डाइस’ हे रूप मिळाले आणि २०१८-१९ पासून ‘यू-डाइस प्लस’ या नावाने ती महाजालावर आली. या पद्धतीत प्रत्येक शाळेस ११ अंकी संकेतांक दिलेला असून त्याचे पहिले दोन अंक राज्य दर्शवितात. महाराष्ट्रासाठी ते २७ आहेत. प्रारंभी तीत केवळ शाळानिहाय बेरजा घेतल्या जात. २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेतली जाऊ लागली. महाराष्ट्र शासनाने त्याआधीच, २०१५ मध्ये, ‘सरल’ प्रणालीद्वारे राज्यातील विद्यार्थ्यांची व्यक्तिनिहाय संगणकीय नोंदणी सुरू करून प्रत्येकास १९ अंकी क्रमांक दिला होता.

बेरजेकडून व्यक्तीकडे झालेल्या या स्थित्यंतराला महाराष्ट्रात विशेष पार्श्वभूमी आहे. शिक्षकांची पदे ठरविणारी संचमान्यता, अनुदान, पाठ्यपुस्तके व शालेय पोषण आहार यांचा हिशेब पटसंख्येवर अवलंबून असतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी घेतलेल्या पटपडताळणीत कागदोपत्री पट व प्रत्यक्ष उपस्थिती यांत मोठी तफावत आढळली. नुसत्या बेरजेत अस्तित्वात नसलेले मूल मिसळणे सोपे असते, तसेच अस्तित्वात असलेले मूल गळणेही सोपे असते. प्रत्येक मुलाची एक आणि एकच नोंद असावी, हे संगणकीय पद्धतीचे मूळ तत्त्व या दोन्ही दोषांवरील उपाय होय.

रचना : संगणकीय माहितीसाठ्यात एका विद्यार्थ्याविषयीच्या माहितीस अभिलेख व त्यातील प्रत्येक घटकास रकाना म्हणता येईल. प्रत्येक अभिलेखास न बदलणारा व दुसऱ्या कोणालाही न दिलेला असा ओळखक्रमांक लागतो. हजेरी क्रमांक यासाठी निरुपयोगी असतो, कारण तो दरवर्षी बदलतो. नावही पुरेसे नसते, कारण एकाच गावात, एकाच आडनावाची व एकाच नावाची दोन मुले असणे मुळीच दुर्मिळ नाही. सर्वसाधारण नोंदवहीतील क्रमांक हा शाळांतर्गत ओळखीसाठी सर्वांत विश्वसनीय ठरतो. सहसा न बदलणारी माहिती, उदा., जन्मदिनांक, एका कोष्टकात आणि दरवर्षी बदलणारी माहिती, उदा., इयत्ता, तुकडी व निकाल, दुसऱ्या कोष्टकात ठेवून ती ओळखक्रमांकाने जोडली जातात. असे केल्यास विद्यार्थी पुढील इयत्तेत गेल्यावर त्याचा मागील इतिहास पुसला जात नाही.

पूर्वतयारी : आज्ञावली निवडण्यापूर्वी शाळेने तिच्याकडून कोणती कामे करून घ्यावयाची, हे ठरविणे इष्ट असते. प्रथम वर्षी वर्गयाद्या, उपस्थिती व दाखले एवढीच कामे हाती घेणारी शाळा सहसा यशस्वी होते. शुल्क, ग्रंथालय, वेळापत्रक इ. सर्व विभाग एकदम सुरू केल्यास कोणताच विभाग पूर्ण होत नाही. साठविलेली सर्व माहिती सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येते किंवा नाही, हे आधीच पाहिले पाहिजे. अन्यथा पुरवठादार बदलताना शाळेचा स्वतःच्याच नोंदींवरील ताबा सुटतो.

त्यानंतरचा टप्पा नोंदवहीच्या शुद्धीकरणाचा होय. अस्पष्ट अक्षरे, कोरे रकाने, दुबार नोंदी व नोंदवही आणि जन्मदाखला यांतील विसंगती यांची यादी करून त्यांचा निर्णय मुख्याध्यापकांनी करावयाचा असतो. माहिती भरणाऱ्या लिपिकाने वा शिक्षकाने स्वतःच्या तर्काने रकाने भरू नयेत. नावासाठी एकच रकाना न ठेवता स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे चार स्वतंत्र रकाने ठेवणे आता आवश्यक झाले आहे. कारण १ मे २०१४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतला. जात, माध्यम, शाळा सोडण्याचे कारण यांसारख्या रकान्यांत मुक्त लेखनाऐवजी ठराविक पर्यायांची यादी दिल्यास एकच गोष्ट चार प्रकारे लिहिली जात नाही.

माहितीचा भरणा : प्रथम एका तुकडीची माहिती भरून पाहणे व ती निर्दोष ठरल्यावरच उर्वरित शाळेकडे वळणे ही सुरक्षित रीत होय. बहुतेक शाळा आरंभी एक्सेलसारख्या कोष्टक-आज्ञावलीत याद्या तयार करून त्या मुख्य प्रणालीत उतरवितात. तेथे काही चुका वारंवार घडतात. दिनांकाच्या मांडणीत दिवस व महिना यांचा क्रम उलटल्यास ४/७/२०१६ म्हणजे ४ जुलै ऐवजी ७ एप्रिल होतो, आणि ही चूक डोळ्यांना दिसत नाही. क्रमांकाच्या आरंभीचे शून्य गळून पडते. अशा आज्ञावलीत संख्येचे पहिले १५ अंकच अचूक राहत असल्याने १९ अंकी क्रमांकाचे शेवटचे चार अंक शून्य होऊन अनेक मुलांचे क्रमांक सारखेच होतात. म्हणून असे रकाने आधीच मजकूर म्हणून घोषित करावे लागतात. देवनागरी मजकूर जुन्या, परस्परांशी न जुळणाऱ्या टंकांत असल्यास तो दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही. त्यासाठी युनिकोड ही सर्वमान्य संकेतपद्धती वापरावी. नावाचे रोमन लेखन हाही अडचणीचा विषय आहे. एकच मराठी नाव आधारपत्रावर, जन्मदाखल्यावर व शाळेत निरनिराळ्या वर्णांनी लिहिलेले असल्यास संगणक त्या भिन्न व्यक्ती समजतो आणि शिष्यवृत्तीसारखा लाभ अडून राहतो.

पडताळा : भरलेली यादी छापून एकाने मूळ नोंदवही मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने छापील यादीवर खूण करावी, ही जुनी कार्यालयीन पद्धत अद्यापही सर्वांत परिणामकारक आहे. त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद पालकास दाखवून त्याची स्वाक्षरी घेतल्यास उरलेले दोष उघडकीस येतात. संख्यांचा मेळही घालावा लागतो. उदा., मागील वर्षअखेरचा पट ४१२, नवे प्रवेश ५८ व शाळा सोडून गेलेले ४७ असल्यास चालू पट ४२३ यावयास हवा. तो तसा न आल्यास एखादी नोंद गळलेली वा दुबार झालेली असते. निदान एक वर्ष कागदी व संगणकीय अशा दोन्ही नोंदी समांतर ठेवाव्या लागतात. सर्वसाधारण नोंदवही मात्र त्यानंतरही मूळ अभिलेख म्हणून कायम ठेवणे इष्ट ठरते.

दुरुस्ती व अधिकार : कागदावरील दुरुस्ती तांबड्या शाईत व मुख्याध्यापकांच्या स्वाक्षरीनिशी केली जात असल्यामुळे जुनी नोंद वाचता येते. संगणकात मात्र जुन्या अक्षरांवर नवी उमटतात व माग राहत नाही. यास्तव कोणती नोंद कोणी, केव्हा व कशावरून बदलली, याचा इतिहास आपोआप राखणारी आज्ञावली निवडावी. वर्गशिक्षकास उपस्थिती व गुण, लिपिकास प्रवेश व दाखले आणि मूळ ओळख बदलण्याचा अधिकार केवळ मुख्याध्यापकांना, अशी विभागणी सर्वसाधारणपणे योग्य असते. प्रत्येकाचा परवलीचा शब्द स्वतंत्र असावा. कार्यालयातील फलकावर लिहून ठेवलेला एकच शब्द सर्वांनी वापरल्यास बदलांच्या इतिहासाला अर्थ उरत नाही. माहितीची प्रत ठराविक काळाने काढून ती शाळेबाहेर सुरक्षित ठेवणे आणि तिच्यावरून माहिती पुन्हा उभी करता येते, याची खात्री करून घेणे आवश्यक असते.

कायदेशीर मर्यादा : आज्ञावलीतील काही रकाने भरल्याविना नोंद पुढे सरकत नाही. ही तांत्रिक सक्ती मुलाच्या हक्काआड येऊ देता येत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यानुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. तसेच शाळा बदलणाऱ्या बालकास दाखला त्वरित देणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक असून दाखल्यास झालेला विलंब हे नव्या शाळेत प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. शाळाप्रवेशासाठी आधार क्रमांक अनिवार्य करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मधील निकालात स्पष्ट केले. अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांत १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारलेले आहे. गरजेपुरतीच माहिती गोळा करणे हा सुरक्षिततेचा पहिला उपाय होय. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘पॉवरस्कूल’ या प्रणालीत अन्य व्यक्तीच्या परवलीच्या शब्दाने शिरकाव होऊन अमेरिका व कॅनडातील विद्यार्थ्यांची माहिती चोरीस गेली; तीत शाळा सोडून बराच काळ लोटलेल्यांच्या नोंदीही होत्या.

स्थलांतरित विद्यार्थी : या पद्धतीची खरी कसोटी स्थलांतरित मुलांच्या बाबतीत लागते. मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या ऊसतोड कामगारांची मुले हंगामाच्या काळात गाव सोडतात व हंगाम संपल्यावर परततात. जुन्या शाळेने संगणकावर नाव मुक्त केले नाही किंवा नव्या शाळेने ते मागविले नाही, तर मूल एका ठिकाणी पटावर व दुसऱ्या ठिकाणी वर्गात, अशी अवस्था होते. मूळ शाळेने नाव नुसतेच कमी केल्यास ते कोणत्याच यादीत राहत नाही. अशा वेळी मूल आधी वर्गात बसविणे व नोंदीची पूर्तता नंतर करणे हा क्रम अनुसरावा लागतो. दोन मुख्याध्यापकांमधील थेट संपर्काची गरज त्यामुळे संपत नाही.

मूल्यमापन : संगणकीकरणामुळे एकच माहिती दहा तक्त्यांत पुनःपुन्हा लिहिण्याचे शिक्षकांचे श्रम कमी होणे अपेक्षित असते, परंतु शाळेची स्वतंत्र आज्ञावली, राज्याची प्रणाली व केंद्राची प्रणाली यांचा परस्परांशी मेळ नसल्यास तीच माहिती तीन ठिकाणी भरावी लागते व उद्देश विफल होतो. सलग गैरहजर राहणारे मूल संगणक यादीत दाखवू शकतो. मात्र त्याच्या घरी जाऊन कारण विचारण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते. प्रत्येक नोंदीमागील मूल शाळेला ठाऊक असेल आणि प्रत्येक मुलाची नोंद खरी असेल, तरच या पद्धतीचा हेतू साध्य होतो.